हात घेऊन जाणारे आणि दुकान घेऊन जाणारे

दसरा-दिवाळीच्या सुमारास भात आणि नागली घरांत येऊं लागली, म्हणजे पेठ तालुक्यांतील पाड्यांवरचीं माणसें सावळघाट चढून नाशिक, दिंडोरी व निफाड या बाजूंस द्राक्षांच्या मळ्यांवर कामास निघतात. हा देखावा पेठ गांवच्या व्यापाऱ्यांच्या इतका परिचयाचा आहे कीं, त्याविषयीं कोणास विशेष कांहीं वाटेनासें झालें आहे. पावसाळ्यांत ज्या तालुक्यावर आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो, त्याच तालुक्यांत फाल्गुन-चैत्रांत बायांना हंडाभर पाण्यासाठीं डोंगर उतरावा लागतो. दुसरें पीक निघत नाहीं, म्हणून माणूस बाहेर जातो. तो जातांना बरोबर काय नेतो? दोन हात, थोडें धान्य, चार भांडीं आणि पोरें. पावसाच्या तोंडाशीं तो परत येतो आणि पुढच्या वर्षीं पुन्हां तितकेंच सामान घेऊन निघतो. बाहेर जाण्यांत आम्ही कमीपणा मानीत नाहीं. जगांतील बहुतेक उद्यमी लोक घर सोडूनच मोठे झाले. आज वाचकांपुढें आम्हांस ठेवावयाचा प्रश्न निराळा आहे. हात घेऊन जाणारा माणूस पिढ्यान् पिढ्या हातच घेऊन कां जातो, आणि दुसरा कोणी त्याहून रुक्ष मुलखांतून निघून परमुलखांत स्वतःचें दुकान कसें थाटतो, हा तो प्रश्न होय.

दुसरा कोणी म्हणजे कोण, हें सांगण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं. सांगली जिल्ह्यांतील खानापूर, आटपाडी, तासगांव, कवठेमहांकाळ आणि त्यांस लागून असलेले सातारा जिल्ह्यांतील खटाव व माण हे तालुके वाचकांनीं नकाशावर पाहावे. सह्याद्रीच्या पाठीशीं, पर्जन्यछायेंत पडलेला हा मुलूख. पेठवर आषाढ-श्रावणांत जितका पाऊस होतो तितका तेथें सबंध वर्षांतहि होत नाहीं. अशा या मुलखांतील शेतकऱ्यांचीं मुलें स्वातंत्र्यापूर्वींपासून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यांत शिरलीं, आणि १९७२ च्या दुष्काळानें तो ओघ अधिकच वाढला. आज उत्तरेस काश्मीरपासून दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत मोठमोठ्या शहरांच्या सराफकट्ट्यांत विटा-आटपाडीकडील मराठी कुटुंबांच्या भट्ट्या आहेत. कोणी तमिळनाडूंत आहे, कोणी केरळांत, कोणी बंगालमध्यें, कोणी दिल्लींत, तर कोणी नेपाळांतहि गेला आहे. घरीं मराठी, बाजारांत तेथील भाषा, आणि गांवच्या यात्रेस वर्षांतून एकदां परत, असा या कुटुंबांचा क्रम आहे.

हा धंदा कसा चालतो तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण पुढील विवेचनाचें मर्म त्यांतच आहे. सराफाकडे मोडीस येणारें सोनें निरनिराळ्या कसाचें असतें. त्यांत तांबें, चांदी व डाग मिसळलेले असतात. गलाईवाला तें मुशींत घालून वितळवितो, त्यांत सोन्याच्या सुमारें तिप्पट चांदी मिळवितो, त्या रसाचे बारीक दाणे किंवा पातळ पत्रे करतो आणि ते तेजाबांत, म्हणजे नायट्रिक आम्लांत, उकळतो. चांदी व तांबें तेजाबांत विरघळतात, आणि सोनें तळाशीं राहतें. मग त्या द्रावणांत तांब्याचे तुकडे टाकले म्हणजे विरघळलेली चांदी पुन्हां हातीं येते. एका खोलीची जागा, एक भट्टी, कांहीं मुशी, कांचेचीं व चिनी मातीचीं भांडीं आणि एक नाजूक तराजू, एवढ्यावर दुकान उभें राहतें. भांडवल थोडें लागतें. परंतु दोन गोष्टी भरपूर लागतात. एक कसब, आणि दुसरी विश्वास. कारण भट्टींत जाणारें सोनें दुसऱ्याचें असतें, आणि एकदां तें वितळलें कीं कोणाचा दागिना कोणता हें ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं.

हें कसब आणि हा विश्वास खानापूरच्या शेतकऱ्याच्या मुलानें कोठें मिळविला? कोणत्याहि शाळेंत नव्हे. मामा किंवा चुलता आधीं जाऊन बसलेला असतो. भाचा त्याच्या दुकानीं जातो, प्रथम झाडलोट करतो, मग भट्टीपाशीं बसतो, कस ओळखूं लागतो, तेथील भाषा शिकतो, सराफांच्या ओळखीचा होतो. कांहीं वर्षांनीं मामाच त्यास दुसऱ्या गांवीं खोली पाहून देतो, आरंभीच्या खर्चास पैसे देतो आणि सराफास सांगतो कीं हा आमचा माणूस आहे. त्या एका शब्दावर परक्या शहरांतील सराफ आपलें सोनें त्याच्या हवालीं करतो. पुढें तोहि आपल्या भाच्यास बोलावतो. येथें उमेदवार म्हणून शिरलेला मुलगा मालक म्हणून बाहेर पडूं शकतो, ही या पद्धतीची खरी खूण आहे. सर्वच मालक झाले किंवा सर्वच धनाढ्य झाले असें आम्ही म्हणत नाहीं. पण वाट उघडी असते.

आतां आमच्या दुसऱ्या शेजाऱ्यांकडे वळूं. पेठहून पश्चिमेस घाट उतरला कीं वलसाड जिल्ह्याची हद्द लागते. वलसाड, नवसारी, सुरत या पट्ट्यांतील गुजराती कुटुंबांनीं अमेरिकेंत काय केलें आहे हें सर्वश्रुत आहे. १९४० नंतरच्या दशकांत कानजी मंछु देसाई या गुजराती गृहस्थानें सॅन फ्रान्सिस्को येथें लहानसें निवासगृह चालविलें आणि मागून येणाऱ्या आपल्या मंडळींस तोच धंदा धरावयास लावलें, असें त्या व्यवसायाच्या इतिहासांत नमूद आहे. त्या काळीं अमेरिकेचा कायदा हिंदी मनुष्यास अनुकूल नव्हता. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या प्रकरणांत हिंदी लोकांस नागरिकत्वाचा अधिकार नाहीं असें ठरविलें होतें. तो अधिकार १९४६ च्या कायद्यानें मिळाला, आणि वर्षाकाठीं अवघ्या शंभर जणांस प्रवेशाची मुभा झाली. १९६५ च्या कायद्यानें दार खऱ्या अर्थानें उघडलें. मग गुजराती कुटुंबें रस्त्याकडेचीं जुनीं मोटेलें घेऊं लागलीं. राहण्यास तेथेंच जागा मिळे, नवराबायको व मुलें मिळून खोल्या झाडीत, हिशेब ठेवीत, रात्रीबेरात्रीं गिऱ्हाइकास दार उघडीत. पगारी नोकराचा खर्च वांचे. पैसे कमी पडले तर नातलग उसने देत, आणि कागदापेक्षां शब्दावर देत. १९८९ सालीं या मंडळींच्या पुढाकारानें अमेरिकेंत हॉटेलमालकांची जी संघटना स्थापन झाली, तिचे सभासद आज त्या देशांतील निम्म्याहून अधिक हॉटेलांचे मालक असल्याचें ती सांगते. खानापूरची भट्टी आणि अमेरिकेंतील मोटेल या दोहोंचें सूत्र एकच आहे: आधीं गेलेला नातलग, त्याच्या हाताखालीं शिकलेलें काम आणि त्याच्या शब्दावर मिळालेली पत.

याच अमेरिकेंत आणखी एका जातीचीं कुटुंबें लहानसहान दुकानें चालविण्यास जातात, आणि तीं इंग्रजांचीं आहेत, हें वाचून पुष्कळांस कौतुक वाटेल. जे एके काळीं तराजू घेऊन सुरतेस उतरले आणि पुढें आमचे धनी होऊन बसले, त्यांच्याच देशांतील साधीं मध्यम स्थितीचीं कुटुंबें आज राहतें घर विकून फ्लोरिडासारख्या उष्ण प्रांतांत खाणावळ, लहान निवासगृह किंवा पोहण्याचे तलाव साफ ठेवण्याचा धंदा विकत घेतात. त्यांस तेथें जाऊं देणारा कायदा मोठा मौजेचा आहे. ज्या देशाशीं अमेरिकेचा व्यापारी तह आहे त्या देशाच्या नागरिकास, तो आपलें भांडवल घालून तेथें स्वतः धंदा चालवीत असेल तर, १९५२ च्या अमेरिकन कायद्यान्वयें राहण्याचा परवाना मिळतो. ब्रिटनच्या बाबतींत हा तह ३ जुलै १८१५ चा, म्हणजे पेशवाई अद्याप उभी होती तेव्हांचा, मानला जातो. दोनशें वर्षांपूर्वींच्या त्या कागदावर आजचा इंग्रज खाणावळवाला उभा आहे. हिंदुस्थान या तहाच्या यादींत नाहीं. म्हणून आमच्या व्यापाऱ्यास हा दरवाजा बंद आहे, मग त्याच्या पिशवींत कितीहि पैसा असो.

पण दरवाजा उघडा आहे म्हणून इंग्रज कुटुंब सुखांत आहे असेंहि नाहीं. परवाना दुकानास बांधलेला असतो. दुकान चाललें तर तो पुन्हां पुन्हां वाढवून मिळतो. दुकान बुडालें तर भांडवलाबरोबर राहण्याचा हक्कहि बुडतो. धंदा केवळ कुटुंबाचें पोट भरण्यापुरता असून चालत नाहीं, त्याहून अधिक मिळकत किंवा इतरांस काम देण्याची शक्ति त्यांत दाखवावी लागते. कायमच्या वास्तव्याचा अधिकार या परवान्यांतून आपोआप उत्पन्न होत नाहीं. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही कीं, मुलांस आईबापांच्या परवान्यावर एकविसाव्या वर्षापर्यंतच राहतां येतें. जें पोर लहानपणीं तेथें गेलें, तेथेंच शिकलें, त्यास एकविसावें वर्ष भरतांच दुसरा परवाना मिळवावा लागतो किंवा ज्या देशाची नीट आठवणहि राहिलेली नाहीं तेथें परत जावें लागतें. नातें, कसब व पत यांच्या जोडीस चौथी गोष्ट, म्हणजे कायद्याचा आधार, नसेल तर परमुलखांतील दुकानाचा पाया किती पोकळ असतो हें यावरून दिसून येतें.

या दृष्टीनें पाहतां आमचा गलाईवाला भाग्यवान ठरावा. राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें प्रत्येक नागरिकास देशांत कोठेंहि जाण्याचा, कोठेंहि वसण्याचा आणि वाजवी निर्बंधांस अधीन राहून कोणताहि धंदा करण्याचा हक्क दिला आहे. मदुरेस किंवा कोलकात्यास भट्टी लावण्यासाठीं विट्याच्या माणसास कोणत्याहि तहाची गरज नाहीं, व त्याच्या मुलास एकविसाव्या वर्षीं कोणी हुसकूं शकत नाहीं. स्वराज्यानें दिलेली ही देणगी लहान नव्हे. तथापि हक्क कागदावर असणें आणि तो दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत पोंचणें यांत अंतर आहे. चोरीच्या गुन्ह्यांतील एखाद्या आरोपीनें आपण माल अमक्यास विकला असें सांगितलें कीं, परप्रांतांतून पोलीस येतात, गलाईवाल्यास उचलून नेतात आणि सोनें भरून दे म्हणून दडपण आणतात, अशी तक्रार या धंद्यांतील मंडळी वर्षानुवर्षें करीत आली आहेत. सर्वच गलाईवाले निर्दोष असतात असें आम्ही म्हणणार नाहीं. जो जाणूनबुजून चोराचें सोनें गाळतो त्यास शिक्षा झालीच पाहिजे. परंतु कायदा काय म्हणतो तें पाहा. जुन्या दंड संहितेचें ४११ वें कलम आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेलें न्याय संहितेचें ३१७ वें कलम, दोहोंतहि माल घेणाऱ्याचा अप्रामाणिक हेतु, आणि माल चोरीचा असल्याचें ज्ञान किंवा तसें मानण्यास कारण, हीं सिद्ध व्हावीं लागतात. केवळ आरोपीच्या बोटावरून कोणी गुन्हेगार होत नाहीं. जप्त केलेली मौल्यवान वस्तु पोलिसांकडे विनाकारण पडून राहूं नये, पंचनामा करून, छायाचित्रें काढून व जामीन घेऊन ती त्वरित योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणांत सांगितलें आहे. ज्यास हें ठाऊक आहे तो वकील गांठतो. ज्यास ठाऊक नाहीं तो सोनें देऊन सुटका करून घेतो. म्हणून प्रत्येक माल घेतांना लेखी पावती, देणाऱ्याचें नांवगांव व वजनाची नोंद ठेवणें हें गलाईवाल्याचें पहिलें संरक्षण होय.

या धंद्याच्या दुसऱ्या बाजूकडेहि आम्ही डोळेझांक करणार नाहीं. तेजाब उकळतांना जो तांबूस धूर निघतो तो फुप्फुसांस घातक असतो, आणि लहान कोंदट खोल्यांत तो बाहेर जाण्यास वाट नसते. शाळा अर्धवट टाकून भट्टीपाशीं बसविलेलें पोर कसब शिकतें, पण त्याचें बाळपण त्या धुरांत जातें. भाषा न येणाऱ्या नव्या सुनेस परक्या शहरांतील एका खोलींत दिवस काढावे लागतात, आणि गांवीं मोठीं घरें बांधलेलीं असून त्यांत म्हातारीं माणसेंच काय तीं उरतात. दुकान घेऊन जाणें म्हणजे सर्व सुख असा आमचा भ्रम नाहीं. हात घेऊन जाण्यापेक्षां त्यांत माणसास स्वतःचें कांहीं उभें करतां येतें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, व्यापार ज्याच्या रक्तांत असतो त्यासच तो साधतो; पेठच्या कोकणा, महादेव कोळी किंवा वारली माणसाचा तो पिंड नव्हे. हें मत बाजारांत आम्ही पुष्कळदां ऐकलें आहे, आणि तें साफ खोटें आहे. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले पिढीजात सोनार किंवा सराफ नव्हते; ते जोंधळा-बाजरी पिकविणारे शेतकरी होते. अमेरिकेंतील मोटेलवाल्यांपैकीं बहुतेकांचे वाडवडीलहि शेतकरीच. त्यांस रक्तानें व्यापारी केलें नाहीं. आधीं गेलेल्या एका नातलगानें केलें. आणि येथेंच आमच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. नातें हें मोठें भांडवल आहे, पण ज्याचा मामा दुकानांत बसलेला नाहीं त्यास तेंच नातें बंद दारासारखें असतें. पेठच्या पाड्यावरील मुलाचा मामाहि द्राक्षांच्या मळ्यावर मजुरीसच जातो. तो भाच्यास मजुरीचीच वाट दाखवूं शकतो. तेव्हां इतरांस जें नात्यानें मिळालें तें ज्यास नातें नाहीं त्यास समाजानें व संस्थांनीं दिलें पाहिजे, असा आमचा सिद्धांत आहे.

तें कसें द्यावें? आकाशांतून कांहीं आणावयाचें नाहीं. द्राक्षांची छाटणी, काडी बांधणें, घडांची विरळणी हीं कामें नाजूक असतात, आणि पेठ-सुरगाण्याकडील मजुरांच्या, विशेषतः बायांच्या, हातीं तें कसब आहे. कित्येक मळ्यांवर टोळ्या एकरी ठेक्यानें काम उचलतात. ठेका घेणारी टोळी म्हणजे दुकानाचें बीजच होय; मात्र तिला नांव नाहीं, वही नाहीं, बँकेंत खातें नाहीं. अशा टोळीनें मजूर सहकारी संस्था म्हणून किंवा भागीदारी म्हणून आपली नोंद करावी. येथें एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतों. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणें नोंदणी सक्तीची नाहीं. पण नोंदणी न केलेल्या भागीदारीस करारावरून तिऱ्हाइताविरुद्ध दावा लावतां येत नाहीं. मळेवाल्यानें ठेक्याचे पैसे बुडविले तर नोंदलेल्या टोळीस न्यायालयाचें दार उघडें असतें. ठेका लेखी असावा, आणि पैसे मुकादमाच्या हातीं न पडतां टोळीच्या खात्यावर पडावे. छाटणीचीं हत्यारें व फवारणीचीं यंत्रें टोळीच्या मालकीचीं झालीं म्हणजे ती मजुरीबरोबर यंत्राचें भाडेंहि मागूं शकेल.

पैशाचा प्रश्न दुसरा. आदिवासींस धंद्यासाठीं कर्ज देण्याकरितां शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ स्थापन झालेलें आहे, आणि त्याचें मुख्य कार्यालय आपल्याच नाशकांत आहे. महामंडळें व बँका कर्ज देतात तीं कागद पाहून. मामा पैसे देतो तो माणूस पाहून. हें अंतर भरून काढण्यास गांवांतील कोणी तरी जाणत्यानें कागद तयार करून दिले पाहिजेत आणि कर्ज घेणाऱ्याच्या पाठीशीं वर्षभर उभें राहिलें पाहिजे. शिकलेल्या तरुणांनीं, शिक्षकांनीं आणि आमच्या वकीलबंधूंनीं आठवड्यांतून एक बाजारचा दिवस या कामास द्यावा. कोर्टांत मोठमोठे दावे लढविण्यापेक्षां हें काम हलकें आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं तें एकदां करून पाहावें.

तिसरी मागणी आमच्या व्यापारी बंधूंपाशीं आहे, आणि ती त्यांस कदाचित् रुचणार नाहीं. पेठच्या बाजारांतील दुकानें पाड्यांवरच्या गिऱ्हाइकांवर चालतात. नागली, वरई, खुरासणी, आंबा, मोहाची फुलें हा माल त्यांच्याच डोक्यावरून बाजारांत येतो. परंतु त्यांच्या मुलांपैकीं किती जण तुमच्या दुकानांत तराजूपाशीं बसले आहेत? पोतीं उचलण्यास तुम्ही त्यांस ठेवतां. वही दाखवितां काय? मालाचा भाव नाशकांत किंवा वलसाडांत काय आहे हें त्यांस सांगतां काय? एकेका दुकानानें एकेक मुलगा किंवा मुलगी उमेदवार म्हणून घ्यावी, शाळा न सोडवितां घ्यावी, वाजवी वेतन द्यावें, खरेदी, विक्री व हिशेब शिकवावा, आणि तीन वर्षांनीं त्यानें स्वतःचें दुकान काढलें तर त्याच्यासाठीं एका ठोक व्यापाऱ्यास शब्द टाकावा. स्पर्धक निर्माण होईल ही भीति आम्हांस समजते. पण विट्याच्या मामानें भाच्यास दुसऱ्या गांवीं बसविलें म्हणून मामाचा धंदा बुडाला नाहीं. देशभर त्याच्या ओळखीचीं दुकानें झालीं.

यंदां मळ्यांवर जाण्याची वेळ येईल तेव्हां ज्या टोळ्या ठेका घेणार आहेत त्यांनीं निदान एवढें करावें: टोळीस नांव द्यावें, सभासदांची यादी करावी, खातें उघडावें आणि ठेका कागदावर लिहून घ्यावा. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांस तो मजकूर लिहून देणारे या गांवांत पुष्कळ आहेत. त्यांनीं तें काम विनामूल्य करावें. पहिल्या वर्षीं अशा दोनचार टोळ्या जरी निघाल्या तरी पुढील वर्षीं एखाद्या पाड्यावरच्या मुलास सांगतां येईल कीं, आपला मामा ठेकेदार आहे.